न विचारणारी खिडकी

अठरा वर्षं मी या कचेरीतले संगणक सांभाळतोय, आणि आता माणसांइतकाच मला संगणकांचाही वीट आलाय. सगळे मेले प्रश्न विचारतात. सकाळी दारात बायको विचारते, किल्ली घेतली? डबा घेतला? मी न ऐकताच हो म्हणतो आणि निम्म्या वेळा डबा घरीच राहतो.

कचेरीतही तेच. शेल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, उघडताना आधी सुरुवातीची एक फाइल वाचते. त्या फाइलीत मीच पूर्वी एक ओळ घातली होती. rm, म्हणजे पुसायचा हुकूम, दिला की थेट पुसायचं नाही, एकेका फाइलीचं नाव घेऊन विचारायचं, खरंच पुसू? माझ्यासारख्या धांदरटाला तेवढा आधार लागतो. पण त्यामुळे एक वाईट खोड लागली. सरसकट सगळं पुसायचा हुकूम द्यायचा आणि मग हो, हो, नाही, हो करत बसायचं.

त्या दिवशी तीनच्या सुमारास आमच्या कचेरीतले मोजणीदार आले. नदीवरच्या पुलाच्या कमानीला गेलेली भेग ते तीन महिने रोज मोजत होते. भेग वाढतेय, असं त्यांचं म्हणणं. साहेब ते हसण्यावारी नेत. चारला बैठक होती, आणि तिथे नोंदी दाखवल्या तरच पूल बंद होणार होता. पूर्वी ते वहीत लिहायचे. "वही कसली बाळगता? आम्ही काय मेलोय का?" असं म्हणून ती सवय मीच मोडली होती.

"अहो, तक्ता छापायला गेलं की संगणकात जागा नाही म्हणतंय," ते म्हणाले.

"जुना कचरा काढू. बसा."

शेल उघडेना. रोज सगळ्याची नक्कल जिच्यावर जायची, ती डिस्क दोन आठवडे कुरकुरत होती. नवी मागवायचं मी उद्या-उद्या करत राहिलो आणि त्या सकाळी तिने मान टाकली. सुरुवातीची फाइल आधी ती डिस्क शोधते, म्हणून तिचीच वाट बघत अडून बसली होती.

ती फाइल न वाचताच शेल सुरू करायची सोय असते. --norc असं लिहायचं. लिहिलं, आणि खिडकी चटकन उघडली. ना स्वागत, ना सूचना. मला खरंच बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी गप्प बसलं होतं.

संगणकातल्या मोजणीदारांच्या कप्प्यात एकेचाळीस फाइली होत्या. चाळीस जुने कच्चे अहवाल, एक नोंदींची. हात सवयीने चालले: rm *, म्हणजे इथलं सगळं पूस. नोंदींच्या फाइलीला नाही म्हणायचं, हे मनात पक्कं होतं.

खिडकीने विचारलंच नाही. विचारायला लावणारी ओळ त्या न वाचलेल्या फाइलीतच राहिली होती, आणि नक्कल मेलेल्या डिस्कवर. कर्सर मुकाट्याने खालच्या ओळीवर येऊन थांबला.

"झाली का जागा?" मोजणीदारांनी विचारलं.

जागा भरपूर झाली होती. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. लाज वाटत होती, त्याहून जास्त भीती. त्या पुलावरून शाळेची बस जाते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीवर टेकले.

"पहिल्या दिवसाचा आकडा पाठ आहे माझ्या. कालचाही आहे," ते म्हणाले. "पण साहेब म्हणणार, नोंद कुठाय?"

"मी येतो बैठकीला. चूक माझी आहे, सांगतो."

"तुमच्या चुकीने भेग थोडीच दिसणार आहे त्यांना?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होती. मोजणीदार पुढे वाकून रिकाम्या खिडकीकडे बघत राहिले.

"खरंच पुसलं?" त्यांनी विचारलं.

या वेळी प्रश्न मला नीट ऐकू आला.

"हो," मी म्हणालो.