निळ्या फाईलची निरगाठ

मी एक जुनी निळी फाईल आहे, मित्रांनो, पुठ्ठ्याची, नाडीवाली. फाईलला कसला आलाय राग, असे तुम्हाला वाटेल. पुठ्ठा पुष्कळ सोसतो, हे खरे. पण माझा राग पुठ्ठ्यापेक्षा जाड आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुठ्ठा कापला, निळा कागद चिकटवला, भोके पाडली, नाडी ओवली. सगळे मिळून चार मिनिटे. लग्नाची नोंदणी करायला निघालेल्या एका जोडप्याने मला विकत घेतले. माझ्या पोटात पहिला कागद पडला तो त्यांच्या लग्नाचा दाखला. सही करताना बायकोचे पेन मध्येच अडले आणि नावावरची रेघ तुटली. "पेनालाही विचार करायचाय वाटतं," ती म्हणाली. दोघे हसले. नवऱ्याने माझ्या पाठीवर वळणदार अक्षरात लिहिले, 'महत्त्वाचे'.

सुरुवातीला माझा काय थाट! आल्यागेल्याला तो मला दाखवायचा. "आमच्याकडे कागदन् कागद फाईलला असतो." मग माझी रवानगी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात झाली. किल्ली त्याच्या खिशात. वर नाडीला निरगाठ.

त्या घरात एक शब्द फार चालायचा. परस्पर. मोठी माणसे तो दोन अर्थांनी वापरतात. परस्पर म्हणजे एकमेकांचे, आणि परस्पर म्हणजे दुसऱ्याला न विचारता. नवऱ्याला दुसराच तेवढा येत होता. घर बदलायचे परस्पर ठरले. बायकोच्या बहिणीला 'येऊ नका' असेही परस्परच कळवले गेले.

बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. अख्ख्या गावाची हाडे तिला दिसत, घरातले माणूस मात्र आरपार दिसत नव्हते. एके दिवशी दवाखान्याने सांगितले, "तुमचा राजीनामा मंजूर झाला." ती म्हणाली, मी दिलाच नाही. नवरा म्हणाला, "कुठल्या तरी गठ्ठ्यात सही करून बसली असशील. वेंधळीच आहेस तू." वर्षभर ती स्वतःला वेंधळी समजत राहिली. आणि मित्रांनो, त्या राजीनाम्याची प्रत माझ्या पोटात होती! मला नाडी दिली, जीभ का नाही दिली?

शेवटी तिने वेगळे व्हायचे ठरवले. घटस्फोटाच्या अर्जाला लग्नाचा मूळ दाखला लागतो. "तो हरवला," नवऱ्याने सांगितले आणि तो कामावर गेला. तेव्हा सासूबाईंनी पिठाच्या डब्यातून दुसरी किल्ली काढली.

"घे. पण मी दिली म्हणून सांगू नकोस."

"मग काय सांगू, आई?"

"सांग, परस्पर घेतली. या घरची रीतच आहे ती."

माझी गाठ नखांनी सुटेना. तिने दात लावले. दाखला निघाला. त्याखाली राजीनामा निघाला. त्याखाली आणखी एक कागद, नवऱ्याने आपल्या सोयीच्या वेळी दाखल करायला दडवून ठेवलेला: परस्पर संमतीने घटस्फोटाचा तयार अर्ज. 'मी नोकरी आपखुशीने सोडली असून माझी काहीही तक्रार नाही,' असे तिच्या वतीने लिहिलेले, आणि खाली तिची सही. तीही झालेली!

ती रडली नाही. मला काखेत मारून तिने थेट न्यायालयाची कचेरी गाठली.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद चाळले. "अहो ताई, अर्ज तयारच आहे की. परस्पर संमतीचा. सहीसुद्धा आहे तुमची."

"सही परस्परच झालीय, भाऊ. माझ्या संमतीशिवाय."

"असं सगळेच म्हणतात."

तेव्हा तिने दाखला, राजीनामा आणि अर्ज यांच्या सह्या एकावर एक ठेवल्या आणि तिन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले, दवाखान्यात एक्स-रे उजेडाला धरतात तसे. तीन सह्यांची एकच सही झाली. रेघही तिन्हीकडे एकाच जागी तुटलेली.

"माणसाच्या दोन सह्या कधी अशा तंतोतंत जुळतात? माझं पेन एकदाच अडलं होतं, भाऊ. यांनी अडलेलंसुद्धा गिरवलं!"

नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ते असे. कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा अर्ज चालणार नाही," तो हळूच म्हणाला. "तुमच्या एकटीच्या अर्जाचा नमुना वेगळा आहे. पहिल्यापासून भरावा लागेल. हे तिन्ही कागद मात्र जपा, जज्जसाहेबांना दाखवावे लागतील."

"भरते."

"कारणाला दोनच ओळी आहेत."

"मागची बाजू कोरी आहे ना?"

ती बाकावर बसली, मला मांडीवर घेतले आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहू लागली. तिचे पेन इतके रेटून चालत होते की अक्षरे माझ्यावर उमटली. मित्रांनो, ती अजून आहेत. 'महत्त्वाचे' हा शब्द त्यांच्याखाली दिसेनासा झाला आहे, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. निकाल अजून लागायचा आहे. तारखेला आम्ही दोघी बरोबर जातो. माझे कोपरे झिजले आहेत, एक भोक फाटले आहे.

जाता जाता एवढेच सांगते. फाईल ओली करू नका, तिच्यावर चहाचा कप ठेवू नका. दुसऱ्याची सही, गंमत म्हणूनसुद्धा, गिरवू नका. आणि गाठ मारायचीच असेल तर सुरगाठ मारा. तीही घट्ट बसते. पण सोडायची वेळ आली, तर कुणाला दात लावावे लागत नाहीत.