गवसणीतल्या गोळ्या

मित्रांनो, बनुबाईच्या घरात देवळीशेजारच्या खुंटीला जी लाल गवसणी लटकते, तिच्यात मी राहते. मी एक जुनी सनई आहे. अंगानं धडधाकट आहे, पण हल्ली मला कुणी फुंकत नाही. आणि रोज संध्याकाळी माझी झडती होते. होय, झडती! चोराची घेतात तशी. का, ते सांगते.

नगरच्या एका कातार्‍यानं मला शिसवाच्या लाकडातून कातलं आणि खाली पितळी प्याला बसवला. बनुबाईच्या नवर्‍याला, सहादेवाला, तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. त्यानं मला कर्जतजवळच्या आपल्या गावी आणलं. पुढं तीस वर्षं आम्ही पंचक्रोशीतली लग्नं वाजवली. त्याचा धाकटा भाऊ गोरक्ष शेजारी संबळ वाजवायचा. "सहादेवाची सनई न्हाई, तर लगीन कसलं?" असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायची. का नाही फुगणार?

आमच्या गावची एक रीत आहे. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला, की तो मांडवात पोचेपर्यंत सनईचा सूर तुटता कामा नये. तुटला तर अपशकुन. त्यासाठी गालांत वारा धरून तो फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास आत ओढायचा. सगळी करामत नाकाची, बरं का! सहादेवाचा सूर कधी तुटला नव्हता.

एकाहत्तर सालच्या लग्नसराईत त्याला भोवळ आली. गोरक्षानं त्याला तसंच कर्जतच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला आणि पार्‍याकडं बघत ते म्हणाले, "रक्तदाब फार वाढलाय. रोज एक गोळी घ्यायची. बरं वाटलं तरी सोडायची नाही. काही त्रास झाला, तर मला येऊन सांगायचं." सहादेवाच्या काखेत बसून मी हे सगळं ऐकलं. ते शेवटचं वाक्य मी आजही विसरलेली नाही.

गोळ्यांनी भोवळ थांबली. पण पंधरा दिवसांत सहादेवाचं नाक चोंदलं. दिवसा डोळ्यांवर झापड यायची, आणि हसरा माणूस उगाच भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. बनुबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून त्याच्या नाकाला लावायची. "सर्दी हाय, जाईल की," म्हणायची. सर्दी कसली जातेय! ती सर्दी नव्हतीच.

मग गावातल्या उत्तमरावांच्या मुलीचं लग्न आलं. नवरदेव पारावरून निघाला, सहादेवानं सूर धरला आणि निम्म्या वाटेवर त्याचा श्वास कोंडला. सूर तुटला. मिरवणूक जागच्या जागी थबकली. "माझ्या नातीच्या लग्नात सूर तुटला गं बाई!" उत्तमरावांची आई चांगुणाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. सहादेवाची मान खाली गेली ती वर आली नाही.

घरी येऊन तो काय म्हणाला, माहीत आहे? "हिची पत्तीच चिरलीया." म्हणजे माझी! मित्रांनो, ओठांत धरून फुंकतात ती ताडाच्या पानाची माझी पत्ती अगदी नवी होती. तीस वर्षांच्या सोबतीनंतर त्यानं आळ घेतला तो माझ्यावर.

पुढं तो चार दिवस बहिणीकडं गेला आणि गोळ्या घरीच विसरला. चौथ्या दिवशी नाक मोकळं झालं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की हे काम गोळीचं आहे. दवाखाना काही सातासमुद्रापार नव्हता. जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण त्याला भीती वाटली. "डाक्टर म्हनंल, सनई सोड," असं तो माझ्याशीच पुटपुटला.

दुसर्‍या दिवसापासून नवं नाटक सुरू झालं. बनुबाई सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या द्यायची. हा गोळी मुठीत ठेवायचा, पाणी प्यायचा आणि मला पुसायच्या निमित्तानं खुंटीपाशी येऊन ती माझ्या गवसणीत टाकायचा.

"घेतली का?" ती विचारायची.

"घेतली की."

"खरं सांगा."

एकदा तर त्यानं माझ्यावर हात ठेवला. "सनईची आन!"

माझी शपथ, आणि तीही खोटी! त्या दिवशी मला वाटलं, आपण मधोमध उलून जावं. पण खरं सांगते, त्याचं नाक उघडलं, सूर पुन्हा लांबला, लोक पुन्हा वाहवा म्हणाले, तेव्हा मी सुखावलेसुद्धा. मीही काही धुतल्या तांदळाची नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं गेलं. लग्नं थोडी, तीही आटोपशीर. त्र्याहत्तरच्या वैशाखात एका लग्नात सहादेव पारापाशी उभा राहिला, सूर धरला, आणि त्याच्या ओठांची डावी बाजू माझ्यावरून घसरली. मी धुळीत पडले. माझ्या पाठोपाठ तोही. डावं अंग लुळं पडलं होतं.

गोरक्षानं मला घरी आणून दिलं. गवसणीत घालायला बनुबाईनं ती उघडली, तर आतून गोळ्या सांडल्या. ओंजळभर. तिनं ओंजळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला सगळं ठावं हुतं," ती म्हणाली. "आन तू बी गप र्‍हायलीस!" काय सांगू तिला? दुसर्‍याच्या श्वासावाचून मला बोलता येत नाही.

डॉक्टरांनी ऐकलं आणि ते हळहळले. "अहो, नाक त्या गोळीनंच चोंदत होतं. सांगितलं असतं, तर दुसरी दिली असती. सनई सोडायचं कुणी म्हटलं होतं?"

आता सहादेव काठी टेकत चालतो. नव्या गोळीनं नाक चोंदत नाही, पण वाकड्या ओठांत पत्ती धरता येत नाही. एकदा त्यानं मला तोंडाला लावलं. नुसता वारा बाजूनं निसटला. तो रडला. मला त्याचा राग आहे आणि तरी वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेत असेल, तर त्यांना विचारा, काही त्रास होतो का? होत असेल, तर त्यांना डॉक्टरकडं घेऊन जा. आणि आमच्यासारख्या मुक्यांच्या शपथा घेऊन घरच्या माणसांना फसवू नका.

रोज संध्याकाळी बनुबाई त्याला गोळी देते, तोंड उघडायला लावून बघते. मग माझी गवसणी काढते, उलटी करते आणि झटकते. काल काहीच पडलं नाही. तिनं पुन्हा एकदा झटकली.