चोरानेही न नेलेली जाळी

मी जाळी बोलतेय. गळाला लागलेला मासा पाण्यातून अलगद वर उचलायची, लांब दांड्याची जाळी. डेस्मंड टफनेलचं मासे पकडायचं सगळं सामान चोरीला गेलं आणि मी तेवढी मागे राहिले. का राहिले ते सांगते, पण हसायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुकानात मी छत्र्यांच्या शेजारी उभी असायची. डेस्मंड बस चालवायच्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, मला विकत आणलं. ज्या वस्तूपायी नवरा दिवसभर घराबाहेर राहील, ती कुठलीही वस्तू तिला चालली असती.

आमच्या इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या गळवाल्यांचं सगळं जगावेगळं. पहाटे उठून, भिजून, कुडकुडून मासा धरायचा, त्याचं वजन करायचं, फोटो काढायचा, टाळक्यावर मुका घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. मग घरी येऊन दुकानातला डबाबंद मासा पावाला लावून खायचा. मला आधी वाटायचं, हा एकटाच वेडा आहे. नंतर कळलं की सगळेच तसले.

आणि मासा कुठे धरला ते मेलं तरी सांगायचं नाही! डेस्मंडला कुणीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, ‘कालव्यात. पुलाजवळ.’ लोकांना खरं वाटावं म्हणून गाडीसुद्धा तो पुलाजवळच लावायचा. मग मला खांद्यावर टाकून, चिखल तुडवत, शेतं ओलांडून बंद पडलेल्या वीटभट्टीमागे जायचा. तिथे झुडपांत लपलेलं एक तळं आहे. त्या तळ्यात डचेस राहते.

डचेस म्हणजे कार्प जातीची एक मासळी. डेस्मंडच्या मते ती वासराएवढी आहे. मी तिला पोटाशी धरलेलं आहे, म्हणून खरं सांगते, ती तीनेक वर्षांच्या बाळसेदार पोराएवढी आहे. पण काय तो तोरा! माझ्यात पडली की अशी बघते, जणू मीच तिच्या घरात न विचारता शिरलेय. तिच्यावर माझा फार जीव आहे.

तर त्या दिवशी डेस्मंड चहात साखर घालायला विसरला. साखर गाडीत आणि गाडी पुलाजवळ. तो शेतं तुडवत गेला आणि इकडे चोर आला. त्याने गळाच्या दोन्ही काठ्या घेतल्या, गळांची पेटी घेतली, घडीची खुर्ची घेतली, अगदी चीज आणि लोणच्याच्या सॅंडविचचा डबासुद्धा घेतला. मग मला उचललं. मी मनाची तयारी केली. मेल्याने माझा वास घेतला, नाक मुरडलं आणि मला काटेरी झुडपात भिरकावून दिलं!

म्हणजे अर्धं खाल्लेलं सॅंडविच चालतं, आणि मी नाही? हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

डेस्मंडने पोलिसांना सांगितलं, चोरी कालव्यावर झाली. सामानाचा विमा होता, त्या विमेवाल्यांनाही तेच सांगितलं. तोंडाला सवयच लागलेली. खरी जागा कागदावर आली, तर उद्या सगळा जिल्हा तळ्यावर खुर्च्या टाकून बसेल आणि डचेसला पळता भुई थोडी होईल, ही त्याची भीती.

विम्याचे पैसे येईतोवर डेस्मंड घरात बसला आणि ग्लेनिसचे हाल सुरू झाले. त्याने कपाटातले कप उंचीप्रमाणे लावले. ती बटाटे सोलत असताना तो मागे उभा राहून सालं जाड निघतात म्हणायचा. स्वयंपाकघरात गर्दी होते, मागच्यांनी पुढे सरका, असंही एकदा बसमधल्या सवयीने बोलून गेला. घरात ती एकटीच होती. मलाही परसातल्या कोबीवर पालथी घातली होती, मांजरं येऊ नयेत म्हणून. विम्याचे पैसे आले नाहीत तर माझा जन्म कोबीवर जाणार आणि ग्लेनिसचा या माणसापुढे, हे आम्हा दोघींना स्पष्ट दिसत होतं.

शेवटी विमा कंपनीचा माणूस आला. हार्बॉटल नावाचा, किडकिडीत, फार हळू बोलणारा. मागे राहिलेला पुरावा म्हणून मला बैठकीत आणून ठेवलं होतं. त्याने चहा घेतला, बिस्किट घेतलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी कालवा कोरडा केला होता. पुलाजवळ पाण्याचा थेंब नव्हता.

डेस्मंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हार्बॉटल म्हणाला, खोटा दावा म्हणून नोंद झाली तर पैसे जातीलच, वर नावही खराब होईल. मग बोलता बोलता त्याचा हात माझ्या जाळीकडे गेला. एका गाठीत डचेसचा खवला अडकला होता, चांगला रुपयाएवढा. तो त्याने उजेडात धरला आणि त्याचा आवाजच बदलला.

“मिस्टर टफनेल,” तो म्हणाला, “हा मासा कुठला?”

अगं बाई! हासुद्धा गळवालाच निघाला. डेस्मंडनेही ते ओळखलं. त्याने ओठ असे घट्ट मिटले की आता पैसे गेले, नाव गेलं, तरी हा तोंड उघडायचा नाही. मी हताश होऊन कोबीचा विचार करू लागले.

तेवढ्यात ग्लेनिसने किटली टेबलावर आपटली.

“वीटभट्टीमागचं तळं,” ती म्हणाली. “पांढऱ्या फाटकातून आत, कुंपणातल्या दुसऱ्या फटीतून.”

डेस्मंडचा चेहरा पाहवेना. “तुला कसं माहीत?”

“अरे, इतकी वर्षं तुझ्या विजारी मी धुतेय. कालव्यावर लाल माती कुठून येणार? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. चोरालासुद्धा माहीत होतं. एक तुझा विमेवाला तेवढा राहिला होता!”

मग सगळं सरळ झालं. डेस्मंडने पोलिसांकडे जाऊन जबाब सुधारला, दावा मंजूर झाला, नव्या काठ्या आल्या. मला कोबीवरून उचललं, तेव्हा ग्लेनिस दारात उभी राहून हात हलवत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पण तळ्यावर पोहोचलो आणि बघतो तो काय, समोरच्या काठावर हार्बॉटल! डेस्मंडने मान फिरवली. दोघं सकाळभर एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. दुपारी हार्बॉटलची काठी कमानीसारखी वाकली. डचेसच होती. त्याची जाळी नवीकोरी, हिरवीगार, पण एवढीशी. डचेस तिच्यात मावेना. हार्बॉटल रडवेला झाला. डेस्मंड क्षणभर बसून राहिला, मग मला घेऊन धावला.

डचेस माझ्या पोटात आली. तिने तसंच रागाने पाहिलं. मला भरून आलं.

फोटो झाला, मुका झाला, डचेस पाण्यात गेली. हार्बॉटलने फोटो कुणाला तरी पाठवला असावा, कारण लगेच फोन वाजला. पलीकडचा माणूस ओरडून विचारत होता, कुठे धरलास, कुठे?

हार्बॉटलने आधी तळ्याकडे पाहिलं, मग डेस्मंडकडे.

“कालव्यात,” तो म्हणाला. “पुलाजवळ.”

डेस्मंडने आपल्या डब्यातलं अर्धं सॅंडविच त्याच्यापुढे धरलं.

आता मी दोघांच्या मधे, ओल्या गवतावर पडून असते. वास अजून तसाच आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच, मी हे सगळं विश्वासाने सांगितलंय. उद्या कुणी तुम्हाला विचारलं, ती जाळी कुठे असते, तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.