टोला आधी आपल्या पाठीवर

मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. अंगाला लागलेलं रक्त कोण मिरवतो? पण राहवत नाही, म्हणून सांगतो.

मी एक जुना वेळूचा सोटा आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. १९५२ साली पनवेलच्या खाडीवर, मिठागरातल्या बारा गड्यांनी मुठीत मीठ धरून भाऊपणाची शपथ घेतली आणि मला म्होरक्याच्या, जगनच्या, हाती दिलं.

नियम असा, की भाऊ चुकला तर त्याला एक टोला. पण त्याआधी म्होरक्यानं एक टोला स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. म्हणून तर चार वर्षं मला फारसं काम नव्हतं.

मग ते उधाण आलं. खाडीचं पाणी अडवणारी फळी, म्हणजे उघाडी, रात्रभर वर राहिली आणि महिनाभर राबून पिकवलेलं मीठ विरघळून गेलं. सकाळी जगनचं डोकं फिरलं. समोर सापडला शुक्रा. बारा जणांत डोंगरावरच्या वाडीतला तो एकटाच.

"तूच उघाडी वर टाकलीस!"

"मी नाय रं दादा. मी त काल वाडीवर व्हतो."

"खोटं बोलतंस?"

आपल्या पाठीवरचा टोला जगन विसरला. पहिला शुक्राच्या खांद्यावर, दुसरा कानशिलावर. तिसरा शुक्रानं उजव्या हातावर झेलला. हाड मोडलं ते मला सगळ्यांत आधी कळलं. मला थांबायचं होतं हो, पण सोट्याला विचारतो कोण? दहा भाऊ नुसते बघत उभे.

जगनची बायको हौसा ओरडत आली, "आवं, थांबा! काल सांजच्याला उघाडी तुमीच उचलली. मी भाकर घेऊन आलते, तवा तशीच टाकून जेवाया बसलाव!"

जगननं सदरा काढून मला शुक्राच्या डाव्या हातात दिलं.

"मार."

"डाव्या हातानं मारलं त तुला गुदगुल्या व्हतील," शुक्रा कण्हत म्हणाला.

कोणी हसलं नाही. मग त्यानं मारलं. एकदा नाही, सात वेळा. सातव्याला मी उभा चिरलो.

माझ्या त्याच दोन फाका शुक्राच्या मोडक्या हाताला लावून जगन आपल्या मुंडाशानं बांधू लागला. मित्रांनो, हाड मोडताना मी जेवढा जड होतो, तेवढाच ते धरताना होतो. मला कुणाच्या हाती देता, तेवढं सांभाळा.

शेवटची गाठ मारताना जगनच्या पाठीवरून रक्त ओघळत होतं.

"शुक्रा, तुझा हात जुळंस्तवर तुझ्या वाट्याचं मीठ मी ओढीन," तो म्हणाला. "आनि पुन्यांदा काय चुकलं, त पयलं माझंच नाव घेईन."