ऑर्गन तापेपर्यंत

खडकीचं क्वार्टर सोडताना सीतारामने घरात ऑर्गनचा विषयच काढला नाही, यातच सगळं आलं. एरवी हा माणूस फुटका मग टाकायचा म्हटलं तरी हुज्जत घालणारा. पण त्या आठवड्यात तो इतका थकला होता, की कुणी त्यालाच उचलून टेंपोत घातलं असतं तरी ‘जरा हळू’ एवढंच म्हणाला असता.

दारूगोळा फॅक्टरीत तो इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटला आणि चार्जमन होऊन निवृत्त झाला. क्वार्टर रिकामं करायची मुदत संपत आली होती. मुलगा चेतन हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्यातली एक खोली आई-बाबांची म्हणून आधीच रंगवून घेतली. मुलगा चांगला, सून दीक्षाही चांगली. तक्रार करायला जागाच नसली की माणूस जास्त थकतो.

ऑर्गन म्हणजे देवळातली पायपेटी नव्हे. हा विजेवर चालणारा थिएटर ऑर्गन, पूर्वी परदेशात सिनेमाच्या मध्यंतरात वाजवायचे तसला. वर काळ्या-पांढऱ्या सुरांच्या दोन पट्ट्या, एकीवर एक. खाली पायांनी दाबायच्या लाकडी फळ्यांची रांग. आणि मागे पाठीत जुन्या रेडिओत असायचे तसल्या, तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हची आख्खी वसाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुणी अमेरिकन तो छावणीतल्या एका क्लबात सोडून गेला होता. क्लबाने जुनं सामान काढलं तेव्हा सीताराम तिथे वायरिंग दुरुस्त करत होता. ‘नेतोस का? नाहीतर फोडतो,’ असं तिथला मॅनेजर म्हणाला आणि सीताराम लग्न ठरल्यासारखा लाजून हो म्हणाला. सहा जणांनी तो क्वार्टरमध्ये आणून ठेवला. बाहेरची खोली त्यानेच भरली. नवी नवरी चंद्रभागा दारात उभी राहून म्हणाली होती, “आणि आपण कुठे झोपायचं?”

या ऑर्गनला एक खोड होती. त्याची मोटर अमेरिकेतल्या विजेसाठी बनवलेली. आपली वीज त्या मानाने सावकाश, तिकडे सेकंदाला साठ हेलकावे तर इकडे पन्नास, म्हणून आपल्याकडे ती मोटर सावकाश फिरायची आणि सगळे सूर तीन घरं खाली उतरायचे. चंद्रभागेची गायची पट्टी पांढरी पाच. ती हवी असेल तर सीतारामला बोटं तीन घरं वर, काळी पाचवर ठेवावी लागत. पहिल्या वर्षी त्याच्या नाकी नऊ आले. मग हात वळला, इतका वळला की चुकीची जागा हीच बरोबर होऊन बसली. मोटर बदलून घे, असं त्याला पुष्कळांनी सांगितलं. तो म्हणायचा, “आता तो मला आणि मी त्याला सांभाळून घेतो. मध्ये तिसरा कशाला?”

त्याच्या बरोबरीच्यांनी पुढे ऑर्केस्ट्रा काढले, लग्नं-बारशी वाजवली, मग खांद्याला अडकवायचे कीबोर्ड आले आणि ऑर्केस्ट्राही संपले. सीतारामचा ऑर्गन दाराबाहेर पडण्यासारखा नव्हताच. तो घरात वाजायचा. फॅक्टरीतून आला की सीताराम आधी दोन खटके दाबायचा, एक मोटरचा आणि एक चालू ठेवायचा. आत घरघर सुरू व्हायची. चंद्रभागा चहाचं आधण ठेवायची. चहा पिऊन झाला की ती उठून ऑर्गनच्या पाठीवर तळवा टेकवायची. गरम लागला तर म्हणायची, “तापला.” नसेल तर, “अजून नाही.” ती ‘तापला’ म्हणाल्याशिवाय त्याने कधी पट्टीला बोट लावलं नाही. पावसाळ्यात तर त्या पाठीवर चेतनचे शाळेचे मोजे वाळायचे.

मग जुनी गाणी. रेडिओवर दुपारी लागायची ती, सिनेमातली, भावगीतं, जयंतीच्या आधी बाबासाहेबांची. एका गाण्याला ते दोघं ‘झोक्याचं गाणं’ म्हणत, कारण त्याच्या ठेक्यावर चेतन लहानपणी झोपायचा. चंद्रभागा पदर आवळून, भिंतीकडे बघत गायची. नवरा-बायकोत बोलणं असं फारसं नव्हतंच. भाजीत मीठ कमी आहे, गॅस संपलाय, मुलाची फी भरलीत का, इतपत. बाकीचं जे काही होतं ते त्या ऑर्गनवर व्हायचं. तो गेला तर त्या दोघांत नेमकं काय उरणार, हा प्रश्न सीतारामला पडला होता. त्याने तो कुणाला विचारला नाही, इतकंच.

कोथरूडच्या सोसायटीत लिफ्ट होती, पण ऑर्गन तिच्यात शिरायला आधी अर्धा व्हायला हवा होता. जिन्यात पाटी होती : ‘अवजड सामान नेताना भिंतीस ओरखडा पडल्यास ती भिंत आपल्याच घरची समजून पूर्ण रंगवून द्यावी.’ चेतन टेप घेऊन वळणं मोजून आला आणि त्याने टेप परत खणात ठेवून दिली. सीतारामने ऑर्गन विहारात ठेवाल का, असं विचारून पाहिलं. कमिटीवाले म्हणाले, हॉल लग्नांना देतो, जागा अडेल, आणि आता जयंतीला डीजे असतो. “बरं,” सीताराम म्हणाला. अलीकडे तो सगळ्यालाच बरं म्हणत होता.

क्वार्टर नागोराव नावाच्या त्याच्याच सेक्शनमधल्या माणसाला मिळालं. नागोराव नांदेडकडचा, एकटाच राहत होता, बायकामुलं अजून गावीच. त्याने ऑर्गन तूर्त तिथेच राहू दिला. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला.

“जय भीम, साहेब. मंगळवारी बायको-पोरं येऊ लागलेत. ते पेटीचं काय करू? नाही म्हणजे, जागाच नाही ना.”

सीताराम खिडकीत उभा होता. खाली क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटींची रांग लागली होती. ऑर्गन ठेवायला दुसरं घर शोधायचं, माणसं जमवायची, कुणाकुणाच्या विनवण्या करायच्या. हे सगळं नुसतं मनात आणूनच त्याला धाप लागल्यासारखं झालं.

“भंगारवाल्याला देऊन टाक,” तो म्हणाला. “शुक्रवारी बोलव.” फोन ठेवून तो पेपर वाचायला बसला आणि एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. चंद्रभागेला त्याने सांगितलं नाही. तिला काय, सुटली बिचारी, असं त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं बाहेरची खोली अडवून बसलेलं ते धूड तिने सहन केलं, हेच पुष्कळ.

राहून गेलेला गृहप्रवेशाचा कार्यक्रम त्याच शुक्रवारी होता. सकाळी भंतेजी येऊन वंदना, परित्राणपाठ करून गेले. खीर झाली. संध्याकाळी चेतनच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली आणि जेवणं झाल्यावर चेतनने कपाटामागून एक लांबट खोकं काढलं.

“बाबा, तुमच्यासाठी. यात थिएटर ऑर्गनचासुद्धा टोन आहे. सहा महिने शोधत होतो मी.”

नवा कीबोर्ड होता. मुलाचा चेहरा उजळला होता. पोरगं काही विसरलं नव्हतं. त्याने आपल्या परीने बाप उचलून तिसऱ्या मजल्यावर आणला होता.

“काका, वाजवा ना! आंटी, तुम्ही गा, प्लीज!” पाहुण्यांनी गलका केला.

एक बटण दाबलं आणि कीबोर्ड तयार. घरघर नाही, थांबणं नाही. चंद्रभागा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने नुकताच चहा टाकला होता. ती कीबोर्डच्या मागे हात नेऊन क्षणभर घुटमळली, पण सगळे वाट बघत होते. “झोक्याचं घ्या,” ती म्हणाली.

सीतारामने सूर दिला. थिएटर ऑर्गनचा टोन खरंच हुबेहूब होता. चंद्रभागेने तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला तिच्या कपाळावर आठी आली. तरी ती गात राहिली. दिलेला सूर सोडायचा नाही, ही तिची सवय. अंतऱ्यात गाणं वर गेलं तिथे तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. ती भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. न जमलेल्या गाण्याला माणसं जरा जास्तच टाळ्या वाजवतात.

चूक कुठे झाली ते सीतारामला तत्काळ कळलं. बोटं काळी पाचवर गेली होती. आयुष्यभर जिथे जायची तिथे. हा कीबोर्ड प्रामाणिक होता. काळी पाच दाबली की काळी पाचच वाजवत होता. त्याने हात पांढरी पाचवर आणून सुरुवात केली, तर दोन ओळींत बोटं अडखळून पडली. त्या रस्त्याने ती कधी गेलीच नव्हती. इतक्या लोकांत बायकोचा आवाज आपण फाडला, या विचाराने त्याचे कान तापले.

“एक मिनिट, बाबा.” चेतन वाकला, दोन बटणं दाबली. छोट्या पडद्यावर उणे तीन असा आकडा उमटला. “आता तुमच्या जुन्या जागेवरूनच वाजवा.”

सीतारामने वाजवलं. बरोबर होतं. बोटं काळी पाचवर, सूर पांढरी पाचचा. चंद्रभागेने सगळं गाणं नीट म्हटलं, कुठेही अडली नाही. काही म्हणता काही चुकलं नाही. जी गोष्ट शिकायला त्याची तरुणपणची वर्षं गेली, ती मुलाने वाकून दोन बोटांनी केली आणि बापाला न दुखावता केली. रागवायचं तरी कुणावर? सीताराम हसला, “वा” म्हणाला, आणि त्याला तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

पाहुणे गेले. चेतन-दीक्षा त्यांना सोडायला खाली गेले. सीताराम पलंगाच्या कडेवर बसून होता. चंद्रभागा कीबोर्डजवळ उभी. तिने कीबोर्डच्या पाठीवर तळवा टेकवला होता.

“अहो, हे तापत नाही का?”

“नाही. तापण्यासारखं यात काही नाहीच.”

“मग सुरू कधी करायचं ते कळणार कसं?”

 मग सांगून टाकलेलं बरं, म्हणून तो म्हणाला, “नागोरावला सांगितलं मी. आज भंगारवाला येणार होता.”

चंद्रभागेने हात काढला नाही. “मला विचारलं नाहीत.”

“तू तरी कुठे म्हणालीस, न्या म्हणून?”

“मला वाटलं, तुम्हालाच नकोसा झालाय. किती थकलात ते दिसतंय की. त्यात माझं कशाला आणखी, म्हणून गप्प बसले.” ती पदराने कीबोर्ड पुसू लागली. त्यावर धूळ नव्हती. “तेवढं एकच तर माझं होतं, दिवसभरात.”

 इतकी वर्षं सीताराम समजत होता की छंद आपला आणि सोसणं तिचं. बाजूला उभी राहून गाणारी बाई गातेय हे त्याने ऐकलं होतं, पण तिला गायचंय हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि तिचं तेवढं एक होतं ते आपण पेपर वाचायच्या आधी फोनवर देऊन टाकलं. त्याने उठून फोन लावला. 

“गेला का रे ऑर्गन?”

“कुठला जातोय, साहेब!” नागोराव म्हणाला. “दोघं आले होते. एका अंगानं उचलला, खाली ठेवला, पाणी पिऊन निघून गेले. सोमवारी चौघं घेऊन येतो म्हणाले.”

“रविवारी आम्ही आलो तर चालेल?”

“विचारता काय? या की. पण सोमवारी मात्र...”

“हो. सोमवारी नेऊ दे त्यांना,” सीताराम म्हणाला.

रविवारी दोघं मनपाच्या स्टँडवर बस बदलून खडकीला गेली. क्वार्टरला नवा रंग लागला होता. बाहेरच्या खोलीत नागोरावची खाट, कुकर, पोरांसाठी आणलेल्या नव्या दोन चादरी. आणि भिंतीशी ऑर्गन, त्यावर त्याचं दाढीचं सामान. नागोरावने ते घाईने उचललं. “मी दूध घेऊन येतो,” म्हणाला आणि निघून गेला. दूध घरात होतं. चंद्रभागेने त्याच दुधाचा चहा केला.

सीतारामने पहिला खटका दाबला. मोटर कण्हत फिरायला लागली. मग दुसरा. जळक्या धुळीचा तो वास हळूहळू खोलीभर पसरला. दोघांनी खाटेवर बसून चहा घेतला. बसने त्याचे गुडघे आखडले होते. 

कप ठेवून चंद्रभागा उठली, ऑर्गनच्या मागे गेली आणि तळवा टेकवून उभी राहिली.

“अजून नाही,” ती म्हणाली.

तो बसून राहिला. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्या झाल्या. नागोरावच्या घड्याळात पाखरू बोललं. ती तशीच उभी होती, हात ऑर्गनच्या पाठीवर.

“झाला असेल की आता,” सीताराम म्हणाला.

“अजून नाही.”

तो उठला. पाय ओढत मागे गेला आणि तिच्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला. लाकूड चटका बसेल इतकं गरम होतं. केव्हाच तापलं होतं ते. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती, गाताना बघायची तशी, आणि तिचा तळवा लाल झाला होता.

सीतारामने तो अलगद काढून आपल्या हातात घेतला.

“बरं,” तो म्हणाला, “थांबू.”