लाल दोरापलीकडचा ट्रायपॉड

मित्रांनो, मला तीन पाय आहेत, पण आजवर एकही पाऊल मी स्वतःच्या मनाने टाकलेले नाही. जिथे उभे केले तिथे मी उभा राहिलो. डोक्यावर कॅमेरा घ्यायचा आणि हलायचे नाही, एवढाच माझा धर्म. मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. तुमच्यापैकी काहीजण मला स्टँड म्हणत असतील. खुशाल म्हणा.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. जमीन मोजणाऱ्यांची यंत्रे ठेवायला लागणारे स्टँड तो करीत असे. लाकूड दोन वर्षे सावलीत वाळल्याशिवाय तो त्याला रंधा लावत नसे. ज्याला घाई आहे त्याने लोखंड घ्यावे, असे तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे. साहजिकच त्याच्याकडे गिऱ्हाइके थोडी आणि मोकळा वेळ फार होता. त्याने माझ्या पायांना पितळी कड्या बसवल्या, टोकांना लोखंडी अण्या ठोकल्या आणि तीन दिवस तेल पाजले. मग मला खिडकीत उभे करून तो चालू लागला. शाबासकी द्यायची त्याला सवय नव्हती.

त्या खिडकीतून मला एका फोटोग्राफरने नेले. तेव्हा तो तरुण होता आणि पासपोर्टचे फोटो काढून काढून कंटाळला होता. "मान सरळ, हसू नका" हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणून त्याचे तोंड आंबून गेले होते. त्याला डोंगर हवे होते. डोंगराला मान सरळ ठेवायला सांगावे लागत नाही. त्याने दुकान भाच्याच्या स्वाधीन केले आणि मला खांद्यावर टाकून तो निघाला.

ती वर्षे चांगली गेली, खोटे कशाला सांगू? मी धबधब्याच्या तुषारात उभा राहिलो, बर्फात गुडघाभर रुतलो, वाळूत अण्या रोवून वाऱ्याशी झुंजलो. दिवस मावळला की तो माझे पाय कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मग स्वतः जेवायला बसायचा. पुढे बाजारात हलके, चकचकीत ट्रायपॉड आले. मित्रांनी त्याला वेड्यात काढले. लाकूड थरथर गिळून टाकते, धातू ती कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो, असे तो त्यांना समजावून सांगे. मला तेव्हा अभिमान वाटत असे. आपल्याला जपणारा माणूस सगळ्यांनाच जपत असणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

मग आम्ही त्या बेटावर गेलो.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक काळा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी जीव मुठीत धरून वसलेले गाव. डोंगर जागा होता. त्याच्या कुशीतून लाव्हा निघून संथपणे समुद्राकडे चालला होता. दगड चाळणीसारखे भोकाभोकांचे, हात लागला तर कातडी सोलणारे. वाऱ्याची दिशा फिरली की गंधकाचा वास घशात उतरायचा. ज्वालामुखीवर देखरेख करणाऱ्या ऑफिसने वर जाणाऱ्या वाटेवर लाल दोर बांधला होता. दोराच्या पलीकडे कोणी जायचे नाही, आणि अलीकडेही बिल्ला असलेल्या वाटाड्याशिवाय फिरायचे नाही, असा तिथला कायदा होता.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता. अंगाने काटकुळा, बोलण्यात कमी. चालताना मधेच थांबून तो जमिनीला तळहात लावायचा, आई लेकराचा ताप बघते तसा. हात लावून झाला की एकच शब्द बोलायचा: "चला", नाहीतर "मागे". त्याच्या शब्दावर ऑफिसचे लोकही चालत. त्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला बावीस वर्षांचा होता आणि त्यावर एकही डाग नव्हता.

फोटोग्राफरला हवा होता लाव्हा समुद्राला भेटतो त्या जागेचा फोटो. पहाटे एक वेळ अशी येते की आकाशाचा निळा आणि लाव्ह्याचा तांबडा तोलात येतात. ती वेळ असते वीस मिनिटांची. आधी आकाश काळे, नंतर लाव्हा फिका. पाच पहाटा आम्ही दोराजवळ जाऊन उभे राहिलो आणि पाचही वेळा ढगांनी पाणी फिरवले. सहाव्या पहाटे आकाश धुतल्यासारखे निघाले. पण आमच्या आणि समुद्राच्या मधे एक काळा उंचवटा येत होता. दोरापासून नुसती वाफ दिसत होती.

फोटोग्राफरने वाटाड्याला उंचवट्यावर नेण्याची गळ घातली. वाटाड्याने जमिनीला हात लावला आणि नाही म्हणाला. दुधावर साय धरावी तसा तो काळा थर आहे, वरून घट्ट दिसतो, खाली काय आहे ते सांगता येत नाही, असे त्याने समजावले. एरवी दिवसभरात तो इतके बोलत नसे.

"दादा, पाचच मिनिटं," फोटोग्राफर म्हणाला. "उद्या माझं विमान आहे. तुम्ही इथेच थांबा, मी एकटा जाऊन येतो."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. ज्याच्या भरवशावर आपण आलो त्याला "तुम्ही थांबा" म्हणणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे. ती नाडी पकडणे असते. पाहुण्याला एकटे सोडील तो वाटाड्या कसला? फोटोग्राफर मला उचलून दोराखालून वाकून पलीकडे गेला. दहा पावलांत वाटाड्याने त्याला गाठले, माझा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पाय कुठे टाकायचा ते दाखवत तो पुढे चालू लागला.

उंचवट्यावर वारा पिसाळलेला होता. वाटाड्याने मला रोवले, पण माझा समुद्राकडचा पाय काही ठरेना. तेव्हा तो उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्याने माझा पाय घट्ट धरला. समोर तांबडी धार समुद्रात पडत होती आणि पाणी किंचाळत होते. फोटोग्राफरने शटर अर्ध्या मिनिटासाठी उघडले.

अर्धे मिनिट किती असते हे मला त्या दिवशी कळले. माझ्या अणीला आधी ऊब लागली, मग चटका. वाटाड्याच्या बुटाचा तळ वितळल्याचा वास आला. त्याचे हात माझ्यावर होते, आणि ते हात हलले नाहीत.

"साहेब, पाय भाजतोय," तो म्हणाला.

"हलू नका. दहा सेकंद."

तो हलला नाही. मी दहा मोजले. शटर मिटल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी साय फुटली. त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

त्यानंतरचे सगळे घाईत झाले. फोटोग्राफरने आधी माझ्या डोक्यावरून कॅमेरा सोडवला. तिथली कळ सोडवायला चार आटे फिरवावे लागतात, ते मी नेहमीच्या सवयीने मोजले. मग कॅमेरा गळ्यात अडकवून त्याने वाटाड्याला काखेत धरून ओढले. त्याने त्याला टाकले नाही, हेही सांगायला हवे. ठेचकाळत, रडत, त्याला पाठीवर घेऊन तो दोरापर्यंत गेला. मी तिथेच राहिलो. माझा एक पाय जळत होता. वाऱ्याने मी आडवा झालो आणि त्यामुळेच वाचलो.

तीन आठवड्यांनी थर निवला, तेव्हा वाटाड्याचा मेहुणा मला उचलून त्यांच्या घरी घेऊन आला. घर पत्र्याचे, दोन खोल्यांचे. वाटाड्या खाटेवर पडून होता. त्याच्या पायाची चार बोटे डॉक्टरांनी काढली होती. पुढची हकिगत मला त्या घरातल्या बोलण्यातून समजली.

ऑफिसने चौकशी केली होती. फोटोग्राफरने विमानात बसण्याआधी एक कागद लिहून दिला होता: वाटाड्या पुढे चालत होता, मी त्याच्या मागोमाग गेलो. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. दहा पावले तेवढी गाळली होती. बिल्ला जप्त झाला. बावीस वर्षांवर एका ओळीने काट मारली.

वाटाड्याच्या बायकोने माझा जळका पाय दोरीने बांधला आणि मला मोरीपाशी उभे करून माझ्यावर हात धुण्याचे घमेले ठेवले. ती मला तिपाई म्हणायची. बोटीतून येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी ती एका हॉटेलात धूत असे. घर त्यावर चालायचे. वाटाड्या धक्क्यावर बसून जाळी विणायचा. नवे वाटाडे पाहुण्यांना घेऊन त्याच्या समोरून वर जायचे, तेव्हा तो मान खाली घालून गाठी मोजायचा. एकदा त्याच्या मुलीने शाळेतून एक कॅलेंडर आणले. त्यात तो फोटो होता. निळे आकाश, तांबडी धार, काठावरचा दगड न दगड रेखीव. जगभर गाजला म्हणे तो.

"बाबा, तुम्ही तिथे होता ना? मग यात कुठे आहात?" तिने विचारले.

वाटाड्याने चित्र लांब धरून पाहिले. "खाली होतो," तो म्हणाला. "स्टँड धरून."

आठ वर्षांनी फोटोग्राफर पुन्हा आला. केस पिकले होते, अंगावर कोट होता. नमस्कार-चमत्कार होत असतानाच त्याची नजर मोरीकडे गेली आणि तो धावलाच. घमेले उतरवून त्याने मला जवळ घेतले. माझा कुठला पाय जळला, मला कुठल्या दिवशी आणले, पाऊस लागू दिला नाही ना, सगळे त्याने बारकाईने विचारले. माझ्या जळक्या पायावरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले. समोर खाटेवर वाटाड्या बसला होता. त्याचा उजवा पाय मोज्यात होता. त्याबद्दल एक शब्द निघाला नाही.

चहा झाला. आपल्या कामाचे मोठे प्रदर्शन भरणार आहे, त्यात हा ट्रायपॉड हवाच, असे फोटोग्राफर म्हणाला. तेव्हा बायको बोलली.

"न्या की. तुमचीच वस्तू आहे. पण यांचंही एक तुमच्याकडे राहिलंय. दोर कोणी ओलांडला, ते ऑफिसला लिहून द्या. बिल्ला छातीवर असला की पुरे यांना. डोंगर चढायचं आता कोण म्हणतंय?"

फोटोग्राफरची मान खाली गेली. त्याने तिथल्या तिथे कागद मागून घेतला आणि दोन पाने लिहिली. काही गाळले नाही. दहा पावलेही लिहिली, दहा सेकंदही लिहिले. खाली सही केली. बायकोने हात पुढे केला. पण साध्या कागदाला ऑफिसात कोण विचारतो, घरी जाऊन शिक्क्याच्या कागदावर टाईप करून पाठवतो, त्याला वजन येईल, असे तो म्हणाला. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"साहेब म्हणतात तर असू दे," वाटाड्या म्हणाला. मग लंगडत येऊन त्याने स्वतः माझे पाय मिटले आणि मला पिशवीत घातले. "मधली कडी ढिली आहे," त्याने सांगितले, "तेवढी आवळून घ्या." फोटोग्राफरने ते पत्र पिशवीच्या कप्प्यात नीट घडी करून ठेवले.

आता मी एका मोठ्या दालनात असतो. माझ्या मागे भिंतभर तो फोटो आहे. माझ्या पायाशी पाटी आहे: या ट्रायपॉडने लाव्हा सोसला. पिशवी शेजारी खुंटीला टांगली आहे. प्रदर्शन दोन महिन्यांचे होते, पण लोकांना इतके आवडले की ते कायमचेच झाले. दालनाची झाडलोट करणारी बाई दर सोमवारी मला तेल लावते. मधली कडीसुद्धा आवळून झाली आहे.

सहा वर्षे अशी गेली. परवा त्या बाईने पिशवी झटकायला काढली तेव्हा कप्प्यातून ते पत्र पडले. खाली बसून तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्या दिवशी फोटोग्राफरचे भाषण होते आणि तो लवकर आला होता. तिने पत्र त्याच्यापुढे धरले. त्याने चष्मा लावला, चार ओळी वाचल्या.

"अरेच्चा," तो म्हणाला. "राहूनच गेलं."

"पोस्टात टाकू का साहेब? पत्ता लिहिलाय यात."

"नको, नको. बघतो मी." त्याने पत्र कोटाच्या खिशात घातले. तेवढ्यात लोक यायला लागले.

भाषण छान झाले. त्या पहाटेबद्दल तो फार सुंदर बोलला. वारा, वाफ, पायाखालची धग, सगळे उभे केले. "त्या उंचवट्यावर माझ्याबरोबर कोणीच नव्हतं," तो म्हणाला, "मी आणि हा ट्रायपॉड." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी ती बाई केरसुणी घेऊन उभी होती. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि माझ्या जळक्या पायावरून तिने फडके फिरवले.

"कोणीच नव्हतं म्हणे," ती म्हणाली आणि दिवे घालवून निघून गेली.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे माझे जातभाई शेवटी तुम्हाला सांगतात की वस्तूंची निगा राखा. मी काय सांगू? माझी निगा राखण्यात कोणी कसूर केलेली नाही. मला तेल आहे, दालन आहे, पाटी आहे. त्या पत्र्याच्या घरात काय आहे, मला माहीत नाही. तो माणूस जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही. एवढे मात्र तुम्ही माझ्यासाठी करा. तुमच्यासाठी कोणी भाजत्या जमिनीवर पाय रोवून बसले असेल, तर त्याचे नाव घ्या, चारचौघांत घ्या. आणि त्याच्यासाठी पत्र लिहाल, तर ते तिथल्या तिथे त्याच्या हातात द्या. खिशात घालू नका.