डोंग्याचा दोर

चुलीवरच्या भाताचं झाकण खडखडलं आणि कुंता दचकली. नवऱ्याचा मार खाल्ल्यापासून ती कुठल्याही आवाजाला दचकायची.

मनसारामने जुनी लहानगी मोटार मोठ्या हौसेने घेतली होती. तिच्यासाठी आणलेलं नवं तेल कुंताने जळकं समजून मासेमारीच्या डोंग्याला फासलं. इंजिनात तेल आहे का बघायचं विसरून तो तशीच मोटार अहेरीला घेऊन गेला आणि इंजिन जळालं. ओठ मात्र कुंताचा फुटला.

आठ दिवसांनी, आज, चांद्याहून बैलबंडीत आणलेलं दुसरं इंजिन अंगणातल्या चिंचेच्या फांदीवरून डोंग्याच्या दोराने लोंबत होतं. दोराचा खुंट्याला एक वेढा होता आणि टोक कुंताच्या हातात. मनसाराम मोटारीच्या पोटात हात घालून इंजिन जागेवर बसवत होता.

"हळू सोड वं, बैताड! माहा हात आत हाये."

चार वर्षांची गिरजा बापासाठी पाण्याचा गडू घेऊन गेली. पाणी हत्यारांवर सांडलं. त्याने मोकळ्या हाताने पाना उचलला आणि तिच्या कपाळावर हाणला. पोर गिरकी खाऊन पडली. रक्त डोळ्यात उतरलं.

इंजिन दाणकन खाली आलं. मनसारामची किंकाळी नदीपार गेली.

कुंताने पोरीला पोटाशी धरून पदराने कपाळ दाबलं. भर पुरातही जाळ्याचा दोर या हातांतून कधी निसटला नव्हता, हे गिरजानेही पाहिलं होतं.

"माय," हुंदके देत तिने विचारलं, "दोर सुटला का तुनं सोडला?"